शिरूरचा श, दौंडचा औ

तहसील कचेरी शिरूरची असो की दौंडची, आसपास टायपिंगवाल्याचं टेबल असतंच. प्रतिज्ञापत्र, वारस नोंदीचा अर्ज, हरकत. ‘मु. पो. अमुक, ता. शिरूर, जि. पुणे’ इथवर आलं की पुढचं त्याची बोटं न बघता लिहितात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अशा असंख्य कागदांवर जे अक्षर उमटलं त्याचं नाव ‘मंगल’. ते निवडावंही लागत नसे. विंडोजवर युनिकोड मराठी लिहायला घेतली की हजर. न मागता मिळालेल्या गोष्टीचा कर्ता कोण, हे सहसा कुणी विचारत नाही. मंगलचा कर्ता आला होता जाहिरातीच्या धंद्यातून.

मंगलने सोडवलेला पेच मात्र फार जुना. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात छापखाना होता. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांवरून त्यांनी बायबल मराठीत आणलं, आणि त्याचे खिळे जुळवले ते आश्रमातल्या बायका-मुलींनी. रमाबाई १९२२ साली गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडलं. खिळे जुळवणारीची अडचण ‘शिरूर’ या तीन अक्षरी शब्दातही दिसते. ‘शि’ म्हणताना श आधी आणि इकार मागून, पण जुळवताना आधी इकाराचा खिळा उचलायचा, मग श. ‘रू’चा ऊकार रच्या पायाशी न लागता कमरेला चिकटतो, म्हणून त्याची सोय वेगळी. ‘दौंड’मध्ये तर काना, त्यावर दोन मात्रा आणि वर अनुस्वाराचं टिंब. इंग्रजी जुळाऱ्याचं काम छोट्या-मोठ्या बाराखडीत भागे. मराठीला शेकडो घरांची केस लागे.

टाईपरायटरने ही घरं छाटली, पण इकार आधी मारायची सवय तशीच ठेवली.

आता मंगलचा कर्ता, तो जाहिरातवाला. रघुनाथ कृष्ण जोशी, मराठी वर्तुळात र. कृ., यांचा जन्म १९३६चा. मुंबईच्या जे. जे.त उपयोजित कला शिकून ते डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत लागले. याच कंपनीच्या कलकत्त्याच्या कचेरीत त्याआधी सत्यजित राय चित्रकार होते. १९६१ साली बाळ मुंडकूर यांनी ‘उल्का’ काढली, आणि र. कृ. पुढची दोनेक दशकं तिथे आर्ट डायरेक्टर राहिले.

तो काळच जाहिरातीत अक्षराला चित्राचा मान मिळण्याचा होता. रांजणगावच्या एमआयडीसीत कारखाना उभारणारी फियाट ज्या तुरिन शहरातली, तिथल्याच अर्मांदो टेस्टा यांनी १९६० साली ‘पुंत ए मेस’ या पेयाची जाहिरात केली. नावाचा अर्थ तिथल्या बोलीत ‘एक बिंदू आणि अर्धा’. टेस्टांनी एक अख्खा गोल आणि त्याखाली अर्धा गोल काढला, बस्स. तुरिनजवळच्या इव्रेआ गावच्या ऑलिव्हेत्ती कंपनीसाठी जोव्हान्नी पिंतोरी तर टाईपरायटरची जाहिरात करताना नुसत्या अक्षरांचा आणि आकड्यांचा खेळ मांडत. वाचायच्या आधी दिसलं पाहिजे, हा त्या पिढीचा धडा.

र. कृं.नी तो धडा देवनागरीत गिरवला. दिवसा जाहिरात आणि एरवी सुलेखन. मराठीत त्यांनी काँक्रीट कविता लिहिल्या, म्हणजे ज्यात शब्द कागदावर कसा बसतो यातूनच अर्थ निघतो. १९८३ साली ते पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक आरेखन केंद्रात शिकवायला गेले, आणि तिथून निवृत्त झाल्यावर संगणकाच्या अक्षरांकडे वळले.

तेव्हा संगणकावरच्या मराठीची दैना होती. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, सुरेख, प्रत्येकाचा कारभार वेगळा. शिरूरला टाईप केलेली फाईल दौंडला उघडली की अक्षरं फुटलेली किंवा नुसते चौकोन. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिला आणि उच्चाराचा क्रम धरला: आधी श, मग इकार. इकाराला उचलून डावीकडे नेणं हे संगणकाचं काम, आणि तिथे पोचल्यावर त्याने कसं दिसावं हे फॉन्टचं. विंडोज २००० बरोबर मंगल घरोघरी गेला तो हे काम घेऊन.

मंगलबद्दल डीटीपीवाल्यांची जुनी तक्रार आहे: ओळी फार लांब लांब पडतात, एका पानाचा अर्ज दोन पानांवर जातो. पण वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली जोडाक्षराचा पाय, त्याखाली उकार, हे सगळं एका ओळीत मावायचं तर आभाळ आणि जमीन दोन्ही ठेवावी लागतात. ‘दौंड’चं टिंब वरच्या ओळीत घुसत नाही, ते या ऐसपैसपणामुळे.

दुसरी तक्रार जास्त खरी. मंगलचा ल दंडाचा आणि श शेंडीचा, म्हणजे हिंदी वळणाचे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे म्हणून ठरवून दिले. म्हणजे शिरूरच्या कागदावर गावाचं पहिलंच अक्षर परक्या वळणाचं, आणि ते एका मराठी माणसाच्या हाताखालून गेलेलं! एकाच फॉन्टने हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत सगळ्यांचं भागवायचं ठरवलं की कुणाचा तरी देठ खुडला जातो.

र. कृ. फेब्रुवारी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गेले. विंडोज ८ पासून मंगलची जागा ‘निर्मला’ने घेतली. जाहिरातीच्या चित्रकाराचं पोस्टर निदान संग्रहालयात लागतं. अर्जाखाली सही असते ती अर्जदाराची.

टेबलावरचा टायपिंगवाला आता श दाबतो आणि मग इकार. स्क्रीनवर इकार टुणकन डावीकडे जाऊन बसतो. शंभर वर्षांपूर्वी केडगावची मुलगी इकाराचा खिळा आधी उचलून त्याच जागी ठेवत होती.