रेडीचे द्वीपत्व

ऐहोळेच्या मेगुती मंदिरावर इसवी सन 634 साली रविकीर्तीने जी प्रशस्ती कोरविली, तीत चालुक्य राजा मंगलेश याने रेवतीद्वीप जिंकल्याचा उल्लेख आहे. हे रेवतीद्वीप म्हणजे वेंगुर्ले तालुक्यातील आजचे रेडी, असे इतिहासज्ञ मानतात. परंतु यशवंतगडावरून पाहावे तो पुढे सागर, बाजूस खाडी आणि पाठीशी जांभ्याची सलग भूमी. मग यास द्वीप का म्हटले? त्या काळी समुद्र अधिक उंच असेल, हे उत्तर सहज सुचते. परशुरामाची कथा ऐकत वाढलेल्या आम्हांस ते गोडही वाटते.

परंतु गोड उत्तर पारखूनच घ्यावे. त्याची कसोटी तळ्यांच्या गाळात सापडते. किनाऱ्यालगतच्या काही तळ्यांना समुद्राच्या अंगाने खडकाचा उंबरठा असतो. भरती तो ओलांडी तोवर तळाशी समुद्रातील सूक्ष्म शैवालांची कवचे साठतात. समुद्र उतरला म्हणजे त्यांवर गोड्या पाण्यातील जातींचा थर बसतो. या पालटाच्या थराचे वय किरणोत्सर्गी कार्बनावरून काढले, की अमुक काळी समुद्र त्या उंबरठ्याइतका उंच होता, हे ठरते. स्कॉटलंड व नॉर्वे येथे या रीतीने हजारो वर्षांचा हिशेब मांडला गेला आहे. मात्र हिमयुगातील बर्फाचा भार उतरल्यामुळे तेथील भूमी स्वतःच वर उचलली गेली. म्हणून तेथील आकडे कोकणास लावता येत नाहीत.

जगाचा ढोबळ हिशेब असा, की सुमारे 20,000 वर्षांपूर्वी समुद्र आजच्याहून सुमारे 120 मीटर खाली होता. हिम वितळले तसा तो चढला आणि सुमारे 6,000 वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ येऊन ठेपला. मंगलेशाचा काळ अवघा 1,400 वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून अर्वाचीन यंत्रयुगापर्यंत जगाच्या सागराची सर्वसाधारण पातळी फार तर वीतभर खालीवर झाली असेल. तेवढ्याने सलग भूमीचे बेट होत नाही.

तेव्हा उत्तर शब्दातच शोधणे आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते. व्युत्पत्तीने 'द्वीप' म्हणजे दोहों बाजूंस पाणी असलेली भूमी. रेडीस हे वर्णन आजही शोभते. खाडीचे पात्र गाळाने भरत आले असेल, तर पूर्वी ते अधिकच शोभले असेल.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. आज समुद्र खरोखरच चढत आहे, आणि खाडीकाठच्या खाजणांत भात पिकविणाऱ्यास त्याची चाल जाणणे अगत्याचे आहे. ती प्रशस्तीतल्या एका पदावरून कळावयाची नाही. आपल्याच खाड्यांचा व तळ्यांचा गाळ थराथराने वाचला पाहिजे.