सहा वर्षांपर्यंत पाळणाघर, मग पुढे काय?

मे महिना आला की शाळेला सुट्टी लागते, पण आईबाबांच्या ऑफिसला नाही. मग पोरांना ठेवायचं कुठे? प्रश्न आजचा वाटतो ना? चला, शंभर वर्षं मागे जाऊ. गिरणगावात.

1920च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. भोंगा वाजला की दहा-अकरा तास आत. तान्हं मूल शेजारणीकडे, थोरल्या बहिणीच्या कडेवर, नाहीतर अफूची बाळगोळी चाटवून झोपवलेलं. हो, अफू! त्या काळच्या सरकारी चौकशीत हे नोंदलंय. आई निर्दयी नव्हती. तिच्या मजुरीशिवाय चूल पेटत नव्हती आणि मूल सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं.

हळूहळू कायदे आले. 1929 साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. 1934च्या कारखाना कायद्याने पन्नासहून जास्त बायका असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवायला लावायचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. 1948च्या कायद्याने तिथे पाळणाघर सक्तीचं केलं आणि 1976 साली पन्नासचा आकडा तीसवर आणला.

पण यात एक मेख होती. जबाबदारी बायकांच्या संख्येवर टांगली, की मालकाला बाई कामावर ठेवणंच महाग वाटू लागतं. 2017च्या दुरुस्तीने हे बदललं. आता पन्नास कर्मचारी मोजायचे, त्यात पुरुषही आले. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता येतं.

दुसरी मेख मात्र राहिलीच. 1934 असो वा 1948, कारखाना कायद्यातलं पाळणाघर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. त्यापुढे शाळा आहेच, असं जणू गृहीत धरलेलं. आणि शाळा बंद असेल तेव्हा? तेव्हा चाकरमान्यांची पोरं एसटीने कोकणात जायची, आजीकडे. म्हणजे गिरणीच्या वाट्याचं काम गावातली आजी फुकटात करायची!

आज सगळ्यांना गाव नाही आणि बऱ्याच आज्या स्वतःच नोकरीवर आहेत. मग मालकाने करावं काय? केंद्र सरकारने 2008 पासून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना नोकरीभरात 730 दिवसांची बालसंगोपन रजा दिली, तीही मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. प्रत्येक कंपनीला एवढं जमणार नाही. पण मे महिन्याच्या शिफ्ट मार्चमध्येच सांगणं, आपसात पाळी बदलू देणं, अर्ध्या दिवसाची रजा देणं, एमआयडीसीतल्या चार कंपन्यांनी मिळून एक उन्हाळी शिबिर चालवणं, हे तर जमेल? आणि ही सोय बाबांनाही हवी. नाहीतर पहिली मेख पुन्हा तिथेच.

सुट्टीचं वेळापत्रक शाळा आधीच देते. तुमच्या एचआरला यंदा ते नेऊन दाखवा. भेटू पुढच्या भागात!