वामनवृक्षाचें आजारपण

शहरांतील एखाद्या नीटनेटक्या दिवाणखान्यांत, पुस्तकांच्या कपाटाशेजारीं, वीतभर उंचीचा एक वृक्ष उथळ कुंडींत उभा असतो. खोड म्हाताऱ्याच्या हातासारखें सुरकुतलेलें, फांद्या डौलदार; आल्यागेल्याच्या कौतुकाचा तो विषय. पण दोन-तीन महिने जातात न जातात तोंच पानांचा तजेला मावळतो, टोंकें करपतात, आंतलीं पानें पिवळीं पडून गळूं लागतात. घरधनीण काळजीनें आणखी पाणी घालते. घरधनी बाजारांतून खत आणतो. वृक्ष त्यानंतर अधिकच खंगतो. दोघांच्याही मायेंत कांहीं उणें नसतें. उणें असतें तें एका जुन्या गोष्टीचें ज्ञान. ज्यांनीं ही कला वाढविली, त्यांनीं या वृक्षाला घरांत कायमचा राहावयास कधीं आणलेंच नव्हतें.

या कलेचा उगम चीन देशांत झाला. तांग घराण्यांतील एका राजपुत्राच्या सन ७०६ मधील थडग्याच्या भिंतीवर, तबकांत चिमुकले खडक व रोपें घेऊन चाललेले सेवक चितारलेले आहेत. जपानांत सन १३०९ च्या ‘कासुगा गोंगेन गेन्की’ या चित्रमय गुंडाळींत तबकांतील झाडें दिसतात. ‘बोन्साय’ या शब्दांतील ‘बोन’ म्हणजे तबक आणि ‘साय’ म्हणजे लावलेलें रोप. हा वृक्ष जातीनें खुजा असतोच असें नाहीं. रानांत आभाळाशीं स्पर्धा करणाऱ्या पाइनचेंच बीं कुंडींत पेरलेलें असतें. फांद्या आणि मुळ्या वेळच्या वेळीं छाटून, कोंवळी वाढ खुडून त्याला लहान राखलेलें असतें. त्याची उपासमार मात्र केलेली नसते. त्याला ऊन, वारा, पाणी आणि खत हीं मोठ्या वृक्षाइतकींच, किंबहुना अधिक नियमानें, द्यावीं लागतात.

जपानी घरांतील मुख्य खोलींत ‘तोकोनोमा’ नांवाचा एक कोनाडा असतो. तेथें एखादें चित्र टांगावें, त्याच्यापुढें ऋतूला शोभेलसा वृक्ष ठेवावा, अशी रीत आहे. पण हा मान त्या वृक्षाला पाहुणा म्हणून मिळतो. एक-दोन दिवस झाले, सोहळा संपला, कीं त्याची पुन्हा बागेंतील मांडणीवर रवानगी होते. ‘हाचि नो कि’ म्हणजे ‘कुंडींतलीं झाडें’ या नांवाचें एक जुनें ‘नो’ नाटक आहे. त्यांतील दरिद्री योद्धा थंडीनें कुडकुडणाऱ्या अनोळखी यात्रेकरूसाठीं आपलीं प्राणप्रिय तीन झाडें, प्लम, चेरी आणि पाइन, तोडून जाळतो. त्याच्या त्यागाची महती तेथें गायिली आहे; पण लक्षांत घेण्याजोगी बारीकशी गोष्ट अशी कीं, तोडण्यापूर्वीं तो त्या झाडांवरचें बर्फ झटकतो. घरांत विस्तवापाशीं माणसें होतीं. झाडें बाहेर हिमांतच उभीं होतीं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जपानचीं बंदरें खुलीं झालीं आणि हे वृक्ष समुद्रापार जाऊं लागले. पॅरिस येथील सन १८७८, १८८९ आणि १९०० च्या जागतिक प्रदर्शनांनीं युरोपीय रसिकांना त्यांचें वेड लावलें. योकोहामा येथील एका मोठ्या रोपवाटिकेनें परदेशीं झाडें पाठविण्याचा व्यापार मांडला. कुंडी, खोड आणि वय हीं विकत मिळत होतीं. त्यांच्यामागची दिनचर्या मात्र मालाबरोबर येत नव्हती. पाश्चात्त्य गृहस्थाला तो वृक्ष चिनी फुलदाणीच्या पंक्तींतला वाटला आणि फुलदाणीच्याच जागीं, शेकोटीनें तापविलेल्या बंद खोलींत, त्यानें तो ठेवला. पाइन, जुनिपर, मेपल हीं शीत प्रदेशांतलीं झाडें. हिवाळ्याची विश्रांति ही त्यांना अन्नाइतकीच आवश्यक. ती विश्रांति हिरावली, उजेड तुटला, हवा कोरडी झाली, आणि शंभर वर्षें जगलेलीं झाडें एका हिवाळ्यांत वाळूं लागलीं.

जपानांतील कारागीर झाडाच्या प्रकृतीला किती जपत, याचें प्रत्यंतर पुढें आलें. सन १९२३ च्या भूकंपांत तोकियो शहराची धूळधाण झाली. तेथील कित्येक कुंडीकारांनीं नव्यानें संसार मांडतांना शहर सोडलें आणि मोकळी जागा, स्वच्छ पाणी व चांगली हवा पाहून सन १९२५ मध्यें ओमिया येथें वसाहत केली. झाडांच्या सोयीसाठीं माणसांनीं गांव बदलावें, हा प्रकार खरोखर विरळाच.

परदेशीं गेलेल्या झाडांपैकीं एका मेळ्याची कथा विशेष बोधप्रद आहे. अमेरिकेचे जपानांतील राजदूत लार्झ अँडरसन यांनीं सन १९१३ मध्यें मायदेशीं परततांना योकोहामाच्या रोपवाटिकेंतून चाळीसच्या आसपास वामनवृक्ष विकत घेतले. त्यांत ‘चाबो-हिबा’ या जातीचे जुने सुरूसारखे वृक्ष होते. चाबो म्हणजे बुटक्या जातीची कोंबडी. तसलाच हा आटोपशीर वृक्ष. त्यांतल्या सर्वांत वयस्क वृक्षाचा कुंडींतील वास सन १७३७ पासूनचा मानला जातो. ज्या वर्षीं थोरल्या बाजीरावांचें घोडदळ दिल्लीच्या वेशीपर्यंत पोंचलें, त्याच वर्षीं जपानांतील कोणा अज्ञात माळ्यानें तो हातीं धरला असावा. बोस्टन शहरानजीक ब्रूकलाइन येथील अँडरसन यांच्या बागेंत जपानी माळी त्या झाडांची निगा राखीत.

सन १९३७ मध्यें अँडरसन वारले. त्यांच्या पत्नी इझाबेल यांनीं त्याच वर्षीं तीस झाडें बोस्टनच्या आर्नल्ड वृक्षोद्यानाला दिलीं. सन १९४८ मध्यें त्यांचेंही निधन झालें आणि उरलेलीं नऊ झाडें पुढील वर्षीं तेथेंच गेलीं. संस्था विख्यात, वृक्षशास्त्राची तेथें वाण नाहीं. पण वृक्षशास्त्र निराळें आणि कुंडींतल्या एका झाडाची रोजची नाडी ओळखणें निराळें. झाडें एका पिढीच्या हातून दुसऱ्या पिढीच्या हातीं गेलीं. हाताचें कसब मात्र मध्येंच सांडलें. पुढच्या वर्षांत अनेक झाडें दगावलीं, आणि जीं जगलीं त्यांची रया गेली.

चाबो-हिबासारख्या वृक्षाच्या बाबतींत ही हेळसांड विशेष घातक ठरते. त्याची वाढ टोंकाकडे धांवते. बाहेरची पालवी दाट झाली कीं आंत अंधार पडतो, आणि अंधारांतली डहाळी मरते. एकदां फांदी उघडी पडली कीं त्या जुन्या लांकडावर नवी पालवी सहसा फुटत नाहीं. दोनशें वर्षांत घडविलेला आकार अशा रीतीनें थोड्या वर्षांत कायमचा हातचा जातो.

सन १९६९ मध्यें कॉन्स्टन्स डरडेरियन या बाईंनीं मानद व्यवस्थापक या नात्यानें या वृक्षांची जबाबदारी पत्करली आणि सन १९८४ पर्यंत ती निभावली. त्यांच्या देखरेखीखालीं छाटणी व कुंडीबदल यांचा क्रम पुन्हा सुरू झाला आणि उरलेल्या झाडांनीं हळूहळू उभारी धरली. त्यांची कारकीर्द पंधरा वर्षांची, हा आंकडा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. आजारी वामनवृक्षाला तडकाफडकी बरें करणारें औषध नाहीं.

उपचाराचें तत्त्व साधें आहे. आजारी झाडाजवळ गेल्यावर प्रथम तें जिवंत आहे कीं नाहीं, हें पाहावयाचें. नखानें डहाळीची साल किंचित खरवडली असतां खालीं ओलसर हिरवा थर दिसला, तर आशेला जागा आहे. जुनिपरच्या बाबतींत तर ही परीक्षा अवश्यच. कारण तें मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवें दिसतें, आणि मालक मृतालाच पाणी पाजीत राहतो. नंतर मुळ्यांकडे वळावयाचें. मुळ्यांनाही हवा लागते. माती सदा चिखलासारखी राहिली कीं त्या गुदमरून कुजतात. कुजलेल्या मुळ्यांना पाणी ओढतां येत नाहीं. म्हणून कुंडी ओली असतांही पानें तहानेनें माना टाकतात. मालकाला तें पाण्याच्या तुटीचें लक्षण वाटतें, तो आणखी पाणी ओततो, आणि रोग दुणावतो.

अशा वेळीं झाड हलक्या हातानें कुंडींतून काढून काळ्या, मऊ पडलेल्या मुळ्या कापाव्या लागतात. मग पाण्याचा झटकन निचरा होईल अशी दाणेदार माती द्यावयाची. जपानी माळी त्यासाठीं ‘आकादामा’ नांवाची ज्वालामुखीजन्य माती वापरतात. झाड बाहेर, पण कडक ऊन आणि झोंबरा वारा चुकवून ठेवावयाचें. मातीचा वरचा थर सुकूं लागला म्हणजेच पाणी, आणि नवी पालवी फुटेपर्यंत खताचें नांवही नाहीं. कारण रुग्ण मुळ्यांना खत सोसत नाहीं. फारच क्षीण झालेलें झाड जपानांत कधीं कधीं प्रशस्त पेटींत किंवा थेट जमिनींत लावून, आकाराचा मोह सोडून, दोन-चार वर्षें मोकळें वाढूं देतात. वैभव गेलें तरी चालेल, आधीं प्राण वांचूं दे, असा तो सुज्ञ विचार असतो.

महाराष्ट्रांतील घरांत पाइन व जुनिपर यांच्यापेक्षां वड, पिंपळ, उंबर यांच्या कुळांतले वृक्ष अधिक सुखानें नांदतात, कारण त्यांना हिमाची ओढ नसते. पण त्यांनाही भिंतीआडचा अंधार मानवत नाहीं. खिडकीचा भरपूर उजेड किंवा गच्चीवरचा मुक्काम हवाच. जुन्या वाड्याच्या भेगेंत उगवलेला पिंपळ मूठभर चुन्यामातीवर वर्षानुवर्षें तग धरतो. त्याला कोणी खत घालीत नाहीं कीं कोणी पाणी घालीत नाहीं. त्याच्या वांट्याला ऊन आणि पाऊस तेवढे आलेले असतात.

लार्झ अँडरसन गेले, इझाबेल गेल्या, डरडेरियन बाईंचीही कारकीर्द संपली. सन १७३७ पासूनचा तो चाबो-हिबा मात्र बोस्टनच्या उद्यानांत आहे. त्याला पाणी घालणारे हात प्रत्येक पिढींत बदलत गेले. मध्यंतरीं जेव्हां ते हात शिकलेले नव्हते, तेव्हां तो मेळा मरणाच्या दारीं गेला; आणि पुन्हा कोणी शिकून पुढें आलें, तेव्हां उरलेला परत फिरला.