“बाई, इथे माणसं कुठे राहायची?”

वसईत आयुष्य गेले, त्यातली तीसेक वर्षे शाळेत इतिहास शिकवण्यात गेली, तरी वसईचा किल्ला मला नीट कळला नव्हता हे आता कबूल करायला हरकत नाही. दरवर्षी डिसेंबरात सहावीची सहल किल्ल्यात जायची. रांगा, शिट्टी, डबे. चिमाजी अप्पांचा १७३९ चा विजय मी मोठ्या आवेशात सांगत असे, मुले टाळ्या वाजवत आणि मग डबे उघडत. एका वर्षी पाचूबंदरच्या एका मुलीने विचारले, “बाई, इथे माणसं कुठे राहायची?” मी म्हटले, “सैनिक राहायचे.” तिने आजूबाजूला पाहिले आणि म्हणाली, “मग एवढी चर्चं कशाला?”

त्या दिवशी मी वेळ मारून नेली. उत्तर शोधायला सवड मिळाली ती निवृत्तीनंतर.

आपण ज्याला किल्ला म्हणतो ते खरे म्हणजे तटाच्या आतले एक आखीव गाव होते. गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी आधी बांधला तो छोटा बालेकिल्ला. त्याच्या प्रवेशद्वारावर पोर्तुगालचे राजचिन्ह कोरलेले आहे. पुढे त्याच्याभोवती वस्ती वाढली आणि वस्तीभोवती मोठा तट आला. त्यांच्या उत्तरेकडच्या प्रांताची ही राजधानी, ते तिला ‘बसाईं’ म्हणत.

जागा कशी निवडली पाहा. उल्हास नदी जिथे खाडी होऊन समुद्राला मिळते, त्या मुखाशी, उत्तर काठावर. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी. जहाज थेट तटापाशी येणार आणि त्याच खाडीने वर कल्याणच्या बाजूला होड्या जाणार. म्हणून दरवाजेही दोन महत्त्वाचे. खाडीकडचा तो सागर दरवाजा, जमिनीकडचा तो भू-दरवाजा. भू-दरवाजातून सरळ आत जाता येत नाही, वाट वळवून नेलेली आहे. धावत येणाऱ्याला तिथे थबकावेच लागते. सहलीतली मुलेही तिथेच एकमेकांवर आपटत!

या दोन दरवाजांना जोडणारा रस्ता हा गावाचा कणा. पोर्तुगीज शहरांत अशा मुख्य रस्त्याला ‘रुआ दिरैता’ म्हणत. मधोमध चौक आणि बाजार. त्याच्या आसपास बालेकिल्ला, मुख्य चर्च आणि बड्या लोकांची घरे. जेमेल्ली करेरी नावाचा इटालियन प्रवासी १६९५ मध्ये येथे आला होता. रुंद, सरळ रस्ते आणि चौकाभोवतीच्या चांगल्या इमारती त्याने नोंदवल्या आहेत. त्याच वेळी गावाचा उत्तरेकडचा तिसरा हिस्सा साथीच्या रोगाने ओस पडल्याचेही तो लिहितो. म्हणजे मराठे येण्याच्या चाळीसएक वर्षे आधीच हे गाव आतून रिकामे होऊ लागले होते. पाठ्यपुस्तकात हे नव्हते आणि मीही कधी सांगितले नाही.

आता चर्चचा प्रश्न. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक पंथाने आपले चर्च आणि मठ बांधला. मठाला लागून अंगण, अंगणात विहीर, भोवती ओवऱ्या. एकेक मठ म्हणजे एकेक मोहल्लाच म्हणा ना. सेंट जोसेफचे मुख्य चर्च १६०१ मध्ये नव्याने बांधल्याचा शिलालेख आहे. त्याच्या मनोऱ्याच्या चक्री जिन्यावरून वर गेले की सगळा आराखडा डोळ्यांसमोर येतो. वसईचा दगड इतका नावाजलेला होता की गोव्याच्या चर्चसाठीही तो जहाजाने नेला गेला.

या आखणीतच गावाचे मरणही होते. पाण्याच्या बाजूने वेढा कठीण, म्हणून हल्ला येणार तो उत्तरेच्या जमिनीकडून, हे पोर्तुगीजांनाही ठाऊक होते. तिथला सेंट सेबॅस्टियन बुरूज १५५४ मध्ये उभा राहिला आणि मे १७३९ मध्ये मराठ्यांच्या सुरुंगांनी फुटला तोही हाच. १६ मे रोजी तह ठरला. चिमाजी अप्पांनी लोकांना कुटुंबकबिल्यासह निघून जायला आठ दिवस दिले. चर्चमधल्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची १७२१ साल कोरलेली घंटा अनेकांनी पाहिली असेल. मराठ्यांनी गावाला बाजीपूर म्हटले, आत नागेश्वराचे देऊळ बांधले. पण गाव पुन्हा भरले नाही. १८१८ नंतर इंग्रजांना त्याची गरजच उरली नाही, त्यांचे सारे लक्ष मुंबईकडे. आतली जमीन भाडेपट्ट्याने गेली, एक साखर कारखानाही काढून झाला. छपरे कोसळली आणि उरल्या त्या भिंती.

आता पुन्हा त्या मुलीचा प्रश्न. तटाच्या आत कोण राहायचे ते कळले: फिरंगी सरदार, अधिकारी, पाद्री आणि त्यांचे नोकरचाकर. पण दगड फोडणारे, मासे आणणारे, होड्या बांधणारे, भाजी पिकवणारे? त्यांची वस्ती बहुतेक तटाबाहेर. त्यांची घरे कुडाची, शाकारलेली. त्यांचे अवशेष राहणार कुठून? शिलालेखांत त्यांची नावे नाहीत. वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेलेले गोन्सालो गार्सिया आठवतात, कारण ते संत झाले. बाकीच्यांचे काय?

तरी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. तटातले गाव गेले, तटाबाहेरचे राहिले. किल्लाबंदर आणि पाचूबंदरचे कोळी, गावोगावचे वाडवळ, सामवेदी, कुपारी सगळे आपापल्या बोलीसकट इथेच आहेत. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. जुलै २०१८ च्या पावसात याच शहरात लोक दिवसचे दिवस पाण्यात अडकले होते. नवी घरे बांधताना पाणी कुठून जाईल हे कुणी पाहिले होते का, असे तेव्हा वाटून गेले. फिरंग्यांनी निदान जागा पाहून गाव वसवले. मात्र त्यांच्या त्या गावात आमच्या लोकांना जागा नव्हती, हेही विसरता येत नाही.

गेल्या डिसेंबरात नातवाला घेऊन किल्ल्यात गेले. त्याला आधी चौक दाखवला, मग विहिरी, मग रस्ता. लढाई शेवटी सांगितली. सागर दरवाजातून बाहेर पडलो तर किल्लाबंदरच्या बायका बोंबील वाळत घालत होत्या. नातू म्हणाला, “आजी, हे लोक पण किल्ल्याइतके जुने आहेत का?” म्हटले, “त्याहून जुने असतील, बाळा.”

हे उत्तर त्या मुलीला द्यायचे राहून गेले.