कलम ३७१ आणि जालना जिल्हा : मोजमापाच्या घटकाचा प्रश्न

राज्यघटनेचे गुणदोष सांगताना तिच्या कलमांची चर्चा पुष्कळ होते. एखादे कलम व्यवहारात उतरण्यास किती काळ लागला, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. मराठवाड्यापुरते पाहावयाचे तर ३७१ वे कलम या कसोटीस लावण्याजोगे आहे.

विकासखर्च, शिक्षण आणि नोकऱ्या यांत न्याय्य वाटा देण्याचे आश्वासन १९५३ च्या नागपूर करारात नमूद झाले होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने त्याला घटनात्मक आधार मिळाला. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापण्याची विशेष जबाबदारी राष्ट्रपतींना आदेशाने राज्यपालांवर सोपवता येईल, असे ते कलम म्हणते. येथे क्रियापद 'सोपवतील' असे नसून 'सोपवता येईल' असे आहे. व्याकरण त्याला शक्यार्थ म्हणते. राज्यकारभारात त्याचा अर्थ अडतीस वर्षे असा झाला. मंडळे अस्तित्वात आली ती १९९४ मध्ये.

दरम्यान १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणीतील परतूर हे तालुके मिळून जालना जिल्हा झाला. यासाठी घटनेला हात लावावा लागला नाही. दोनच वर्षांनी नेमलेल्या दांडेकर समितीने अनुशेष मोजताना जिल्हा हा घटक धरला आणि राज्याच्या सरासरीशी त्याची तुलना केली. परिणाम असा की एकूण अनुशेषातील सदतीस टक्क्यांहून अधिक वाटा उर्वरित महाराष्ट्राकडे गेला. हिशेब म्हणून यात गैर काही नव्हते. परंतु घटनेने जो घटक मानला तो प्रदेश होता, जिल्हा नव्हे. हा फरक शाब्दिक समजून सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

बरे, जिल्हा तरी एकजिनसी असतो काय? जायकवाडीचा डावा कालवा अंबड-परतूरच्या बाजूने, गोदावरीच्या अंगाने जातो. भोकरदन व जाफराबाद उत्तरेस, पूर्णेच्या खोऱ्यात. त्या कालव्याचे पाणी तेथे पोहोचत नाही. सिंचनाची जिल्हा-सरासरी काढली की कालव्याखालच्या शिवाराचा आकडा कोरडवाहू शिवाराच्या नावावरही चढतो.

मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, हा त्याच कलमातील सर्वांत कमी चर्चिलेला भाग; वस्तुतः उत्तरदायित्वाची तेवढीच एक ठोस तरतूद त्यात आहे. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली आणि ती त्या वेळी वाढवली गेली नाही. कलम घटनेत जसेच्या तसे राहिले. अहवाल देणारी मंडळे तेवढी उरली नाहीत.