खटक्याचं कुलूप

कुलूप हा शब्द मूळचा आपला नाही. अरबीतला ‘कुफ्ल’ मराठीच्या तोंडात उलटापालटा होऊन कुलूप झाला. चावी पोर्तुगिजांकडून आली. आपल्या घरचे शब्द म्हणजे अडसर, खिट्टी, कडी. ह्या सगळ्या वस्तू आत असलेल्या माणसाच्या. तो घरात आहे, रात्र झाली आहे आणि त्याला निवांत झोपायचं आहे, एवढाच त्यांचा अर्थ. दार बाहेरून बंद करून गावाला जायची सोय कुलपानं केली. म्हणून मला वाटतं, कोणत्या गावात कुलपं कधी वाढली हे पाहिलं तर त्या गावाची माणसं कधी बाहेर पडली हे कळतं.

आमच्या लहानपणी गावात माळवदाची घरं होती. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका; जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. घर मोकळं असं कधी नसायचंच. सगळे रानात गेले तरी ओसरीवर एखादी म्हातारी वाती वळत बसलेली असायची. आमच्या घरात एकच कुलूप होतं आणि तेही दाराला नव्हतं, धान्याच्या कोठीला होतं. किल्ली आजीच्या कनवटीला. कुलूप लोखंडी, वीतभर लांब, नळकांड्यासारखं. त्याला आम्ही खटक्याचं कुलूप म्हणायचो, कारण लावताना किल्ली लागत नसे. दांडा नुसता आत ढकलायचा, ‘खट्’ वाजायचं आणि काम झालं.

ही जात फार जुनी आहे. रोमन लोकांकडं अशी कुलपं होती, चीनमध्ये आणि इराणात होती, आपल्याकडं तर गावोगावचे लोहार ती घडवत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी कुलपं मांडून ठेवली आहेत. तिथं गेलात तर काचेपुढं जरा थांबून बघा.

त्याचं आतलं काम शेतकऱ्याला एका वाक्यात कळेल. कुसळ कसं धोतरात शिरतं? पुढं सरकतं, मागं येत नाही. तसंच इथं. दांड्याच्या टोकाला दोन किंवा चार पोलादी पात्या बसवलेल्या असतात, मागच्या बाजूला फाकलेल्या. दांडा आत जाताना तोंडाशी त्या मिटतात आणि आत गेल्या की फुलतात. मग ओढा किती ओढायचं ते. किल्ली दुसऱ्या टोकाकडून जाते. ती फिरवायची नसते, सरकवायची असते. तिच्या टोकाला चौकोनी भोकं असतात. ती पात्यांवरून सरकली की पात्या दांड्याला चिकटतात आणि दांडा मोकळा होतो.

हे मला शिकवलं आमच्या गावच्या लोहारबाबांनी. दहावीची परीक्षा देऊन मी रिकामा होतो, तो उन्हाळा. भात्याशी बसायला मिळावं म्हणून मी जायचो. एक दिवस त्यांनी किल्ली हरवलेलं कुलूप पुढ्यात टाकलं आणि म्हणाले, ‘‘घन मारशील तर कुलूप बी जाईल आन् कोयंडा बी. त्याला इचार, तू कुठं आडलास म्हणून.’’ छत्रीच्या दोन काड्या ठोकून चपट्या केल्या होत्या. एक वरच्या पातीवर, एक खालच्या. दोन्ही एकाच वेळी दाबल्या पाहिजेत. एक मिटली आणि दुसरी सुटली तर पुन्हा पहिल्यापासून. जोर लावला की काडी वाकते. मला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी दांडा आपसूक हातात आला, तेव्हा लोहारबाबांनी शाबासकी दिली नाही. तेच कुलूप पुन्हा लावलं आणि म्हणाले, ‘‘आता डोळे झाकून.’’

नाद लागला तो लागलाच. जालन्याच्या बाजारातून मोडकी कुलपं आणायची, खोलायची, पुन्हा जुळवायची. तिथं लिव्हरची कुलपं भेटली. त्यात पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक असतात. प्रत्येक पट्टीला बारीक स्प्रिंग तिच्या जागी दाबून धरते. बरोबर किल्ली सगळ्या पट्ट्या बरोबर तेवढ्याच उचलते, तेव्हा आतला खिळा सरकतो. किल्लीशिवाय उघडायचं तर एका तारेनं खिळ्यावर हलका ताण धरायचा आणि दुसरीनं एकेक पट्टी उचलत जायची. ताण असला की पट्टी जागेवर आल्याचं बोटाला कळतं. धार काढताना गायीनं पान्हा सोडल्याचं जसं हाताला कळतं तसं. सांगता येत नाही, पण चुकत नाही.

हीच गंमत लंडनला मोठ्या गाजावाजानं झाली होती. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला तिथं गेला. इंग्रजांना चब कंपनीच्या कुलपाचा मोठा अभिमान. एखादी पट्टी जास्त उचलली गेली की ते कुलूप अडकून बसायचं आणि कुणीतरी हात घातल्याचं मालकाला कळायचं. हॉब्जनं ते पंचवीस मिनिटांत उघडलं. ब्रामाह कंपनीचं कुलूप तर १७९० पासून दुकानाच्या खिडकीत बक्षिसाच्या पाटीसह टांगलेलं होतं. उघडेल त्याला दोनशे गिनी. हॉब्जनं सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास घेतले, पण उघडलं. लोक चिडले, चोरांना शिकवतो म्हणाले. त्याचं म्हणणं सरळ होतं: चोरांना हे आधीच माहीत असतं, माहीत नसतं ते कुलूप विकत घेणाऱ्याला.

आपल्याकडं ही गोष्ट पुढं नेली अर्देशिर गोदरेज यांनी. वकिलीचं शिक्षण झालेला हा पारशी माणूस. वकिली सोडली, शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायचा धंदा केला, तो चालला नाही. मग १८९७ साली मुंबईत लालबागला एका लहानशा शेडमध्ये कुलपं सुरू केली. विलायती माल चांगला आणि देशी माल कच्चा, असं धरून चालायचा तो काळ. लिव्हरच्या कुलपाचा दुबळेपणा स्प्रिंगमध्ये आहे. ती गंजते, थकते, तुटते आणि मग खरी किल्लीसुद्धा चालत नाही. अर्देशिर यांनी स्प्रिंगच काढून टाकली. बिनस्प्रिंगचं कुलूप केलं आणि त्याचं पेटंट घेतलं. ज्यानं कुलूप शंभरदा खोललं असेल त्यालाच असं सुचतं.

पण हे कसब अंगी असणं खेड्यात सोपं नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. पण गावाच्या नजरेतला वहीम सरकारी तारखेनं जात नाही. शिकलकऱ्यांचंच घ्या. शिकल करणारे म्हणजे हत्यारांना धार आणि झळाळी देणारे; गुरू गोविंदसिंगांच्या फौजेची हत्यारं घडवणारी ही माणसं. त्यांच्यातले काही आज खांद्यावर किल्ल्यांचा जुडगा घेऊन मराठवाड्यातल्या बाजारांतून फिरतात. कानस चालवून पाच मिनिटांत किल्ली करून देतात. किल्ली घेताना माणूस ‘सरदारजी’ म्हणतो आणि पाठ वळली की ‘ह्यांच्यापासून जपून’ म्हणतो. हे मी माझ्या कानानं ऐकलंय.

लोहारबाबांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तीन नेम घालून दिले. मालक समोर असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. शेजारचा एक माणूस साक्षीला बोलवायचा. आणि दार उघडलं की आपण उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. एकदा मी विचारलं, ‘‘बाबा, कुलूप जर असं उघडतंय, तर लोक लावतात काहून?’’ ते म्हणाले, ‘‘कुलूप भल्या माणसासाठी असतंय. चोराला त्यानं नुस्ता येळ लागतो. तेवढ्या येळात शेजाऱ्यानं खाकरलं पाहिजे.’’

गावाला कुलपं आली ती बाहत्तरच्या दुष्काळात. तोपर्यंत म्हातारी राखण होती. दुष्काळात म्हातारीसुद्धा खडी फोडायला गेली. दुष्काळी कामावर अख्खं घर जायचं, लेकरांना सुकडी मिळायची आणि घरी मिलोची भाकरी. घरात चोरून न्यावं असं काही उरलं नव्हतं, पण दारं उघडी कशी टाकायची म्हणून कुलपं लागली. ज्या साली घरं सगळ्यात रिकामी, त्याच साली गावात सगळ्यात जास्त कुलपं.

आता मंठा, घनसावंगी, अंबडकडच्या वाड्यातांड्यांवरून दसऱ्यानंतर चक्कर मारा. ऊसतोडीला निघालेल्या गाड्या गेल्या की ओळीनं कुलपं दिसतात. आमच्या गल्लीत नऊ घरं आहेत, गेल्या हंगामात सहा घरांना कुलूप होतं. उरलेल्या तीन घरांत आम्ही म्हातारे. कुलपं पूर्वीपेक्षा चांगली आहेत, माझ्या काडीला दाद देत नाहीत अशीही आहेत. खाकरणारा शेजारी मात्र कमी झाला.

चैत्रात माणसं परततात. दरवर्षी एकदोघांची किल्ली उसाच्या फडात कुठंतरी पडलेली असते. मग मला हाक येते. मालक समोर, साक्षीला गल्लीतली एक आजी, आणि मी काड्या घेऊन उकिडवा बसतो. सहा महिन्यांच्या धुळीनं कुलूप जड झालेलं असतं, आधी दोन थेंब रॉकेल सोडावं लागतं. खट् वाजलं की बाजूला होतो. बाई लेकराला कडेवर घेऊन आत जाते आणि आधी चुलीवरचं जाळं काढते.