न्यूकासलचा कोळसा, औरंगाबादचा कोश

‘न्यूकासलला कोळसा नेणे’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ शब्द फोडून हाती लागत नाही. न्यूकासल हे एकेकाळी कोळशासाठीच नावाजलेले बंदर, तेव्हा तिथे कोळसा नेणारा माणूस उगाच खटाटोप करतो, हे इंग्रजाला सांगावे लागत नाही. फारसीत हाच माणूस किरमानला जिरे नेतो, कारण किरमानचे जिरे प्रसिद्ध. उर्दूत तो बरेलीला उलटे बांबू पाठवतो, कारण बरेली म्हणजे बांबूची पेठ. अशा जोड्या जुळवायच्या, तर दोन्ही भाषांबरोबर दोन्हीकडचे बाजारही ठाऊक हवेत.

हे काम जवळपास नव्वद वर्षांपूर्वी औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका इंग्रजी-उर्दू कोशासाठी झाले. शहराच्या इतिहासात त्याला मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही.

ते करणारे मौलवी अब्दुल हक मूळचे हापुडचे, अलीगढला शिकलेले. निजामाच्या शिक्षण खात्यातल्या नोकरीने त्यांना इथे आणले. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे सचिवपद आल्यावर त्यांनी तिचे दफ्तरही औरंगाबादेत हलवले. १९२१ पासून ‘उर्दू’ हे त्रैमासिक इथूनच निघू लागले. पुढे अब्दुल हक इथल्या इंटरमिजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले.

कोशाची निकड रोजच्या वर्गातली होती. १९१८ साली हैदराबादेत उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले; इंग्रजी तिथे सक्तीची होती. मराठवाड्यातल्या कितीतरी मुलांच्या घरी मराठी, वर्गात उर्दू आणि त्यावर तिसरी इंग्रजी. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ वाचून आभाळातून कुत्री-मांजरे कशी पडतील, हा प्रश्न अशा मुलाला पडणारच. पण उर्दूतला ‘मूसलाधार’ ऐकला की घरचाच ‘मुसळधार’ समोर येई. ‘लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड’चेही तसेच. उर्दू जमीन-आसमान एक करते, मराठी आकाशपाताळ एक करते. दगड उलटण्याची गरज दोघींनाही नाही.

१९३७ साली अंजुमनने ‘स्टँडर्ड इंग्लिश-उर्दू डिक्शनरी’ काढली. सुट्या शब्दांबरोबर वाक्प्रचारांचेही अर्थ तिने दिले. शब्दाला शब्द ठेवणे सोपे. बोलण्याला बोलणे शोधणे हे खरे कष्टाचे, आणि कोशाचे मोलही त्यातच आहे.

अब्दुल हकांचे कान मराठीकडेही होते. मराठीवरच्या फारसीच्या प्रभावावर त्यांनी उर्दूत स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते १९३३ साली आले. आपण ‘शपथ खातो’, फारसी माणूसही ‘कसम खातो’. असे धागे मराठीत पावलोपावली सापडतात. इथल्याच बीबी का मकबऱ्याच्या बागेतल्या नामदेव माळ्याचे त्यांनी रेखाटलेले व्यक्तिचित्र उर्दू वाचकांना आजही परिचित आहे.

१९३८ साली अंजुमन दिल्लीला गेली. फाळणीनंतर अब्दुल हक पाकिस्तानात गेले आणि १९६१ साली कराचीत वारले. त्यांचा इंग्रजी-उर्दू कोश त्यानंतरही पुन्हा पुन्हा छापला गेला. पहिली आवृत्ती मात्र औरंगाबादची.